पंढरपूरचे महाद्वार आणि चोखोबाची समाधी

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोरच संत चोखामेळा यांची समाधी. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या वारकऱ्याची वारी १९४७ पर्यंत या समाधीपाशी संपत असे. शेकडो मैल चालून यायचे, कळसाकडे पाहून हात जोडायचे आणि मागे फिरायचे. हा नियम पाळणारे लोक जातीच्या अभिमानाविरुद्धचे अभंग नित्य गाणारे होते.

चोखोबा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे, जातीने महार. गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारापुढे समाधी बांधली, अशी परंपरा आहे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांच्या नावे अभंग आहेत. विटाळ देहातच उपजतो, मग त्यातून सुटलेला कोण, हा सोयराबाईंचा सवाल तर आजही निरुत्तर करणारा आहे. कर्ममेळ्याचा सूर आणखी कडवट. आपल्याला या जातीत का घातले, असे तो देवालाच खडसावतो. ही रचना संप्रदायाने टाकून दिली नाही. गाथेत घेतली, कीर्तनात लावली, टाळ-मृदंगाच्या साथीने गायली.

तरीही व्यवहार काय होता, हे सवाई माधवरावांच्या काळातल्या एका प्रकरणात दिसते. चोखोबाच्या दगडाच्या दर्शनाला महार मंडळी येतात, तिथली वाट अरुंद आहे, गर्दीत अंगाला अंग लागून विटाळ होतो, अशी तक्रार पंढरपूरच्या ब्राह्मणांनी सरकारात केली. पेशवे सरकारने निकाल दिला तो असा, की महारांनी दुरूनच पूजा करावी. जवळ येतील त्यांना शिक्षा व्हावी. म्हणजे मंदिराबाहेर ठेवलेल्या संताच्या समाधीपासूनही त्याच्याच जातभाईंना हटवण्यात आले. वाद देवळाच्या आतल्या जागेचा नव्हताच, बाहेरच्या बोळाचा होता.

अभंगांचे गायन आणि ही बंदी हे दोन्ही एकाच गावात, त्याच लोकांकडून कसे चालले, याची निदान तीन कारणे दिसतात. पहिले शिकवणीतच आहे. भक्तीचा अधिकार सर्वांना आहे, असे वारकरी संतांनी ठामपणे सांगितले; पण गावगाड्यातली कामे आणि रोटीबेटीचे नियम मोडा, असा आदेश त्यातून निघाला नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधावरील वादात गांधीजींना उत्तर देताना नेमका हाच मुद्दा मांडला होता: माणसे माणसांत समान आहेत आणि माणसे देवापुढे समान आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीने कुणाचेच काही बिघडत नाही.

दुसरे कारण चरित्रकथांत आहे. महिपतींच्या १७६२ च्या ‘भक्तविजय’सारख्या ग्रंथांमुळे घरोघरी पोचलेल्या कथेनुसार विठ्ठलच चोखोबाला रात्री गाभाऱ्यात नेतो, मंदिराचे पुजारी बडवे त्याला छळतात आणि शेवटी देव भक्ताची बाजू घेतो. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण कथेत दार उघडतो तो देव. चमत्कार झाल्यावर माणसांनी काही करायचे उरतच नाही, आणि सकाळी दारावर पहारा पूर्ववत.

तिसरे कारण अगदी रोकडे होते. विठ्ठलाची पूजाअर्चा आणि देवापुढचे उत्पन्न बडव्यांकडे, रुक्मिणीचे उत्पातांकडे, शिवाय सेवाधाऱ्यांची घराणी वेगळी. सगळे हक्क वंशपरंपरेचे. मंदिराची किल्ली फडकऱ्यांच्या किंवा दिंड्यांच्या हाती कधीच नव्हती, असे म्हणून वारकऱ्यांची सुटका करता येते. ती अर्धीच खरी. शतकानुशतके लाखो माळकरी त्याच दारातून आत गेले आणि बाहेर थांबलेल्या सोबत्यासाठी कोणी मोठ्या संख्येने अडून बसल्याची नोंद नाही.

अडून बसले ते साने गुरुजी. १९४६ च्या कार्तिकीलाच ते उपोषणाला बसणार होते; सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे ते पुढे ढकलून त्यांनी आधी महाराष्ट्राचा दौरा केला. गावोगावी विहिरी आणि मंदिरे खुली झाली, पंढरपूर मात्र हलेना. १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. जागा एका वारकरी मठाने दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण विरोधकांतही कीर्तनकार मंडळी होती आणि साने यांनी भीमेपलीकडे निघून जावे अशा अर्थाच्या घोषणा गावात घुमत होत्या. दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनंतर बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

त्यानंतरची एक हकीकत पंढरपुरात अजून सांगितली जाते. हरिजनांचा स्पर्श होण्याआधी काही सनातन्यांनी मंत्रोच्चारांनी मूर्तीतले तेज घागरीत काढून घेतले आणि पुढे त्या घागरीचीच पूजा केली. देव सोडला, पण विटाळ सोडला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांतल्या अनेकांना तोवर आत जाण्याची ओढ उरली नव्हती. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून सत्याग्रह करून हात हलवत परतल्यावर, १९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. चोखोबांविषयीचा त्यांचा आदर मात्र कायम होता. १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. मुळात अशी वेगळी धर्मशाळा बांधावी लागली होती, कारण इतर धर्मशाळांत या यात्रेकरूंना थारा नव्हता.

वारीच्या वाटेवरचे भेदही एका निर्णयाने गेले नाहीत. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीतले दृश्य लिहून ठेवले आहे: ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर एकत्र चालतात, तेच अभंग म्हणतात आणि जेवायला वेगवेगळे बसतात.

बडवे, उत्पात आणि सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा राज्याने १९७३ मध्ये केला. तो न्यायालयांत अडकला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा फेटाळला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.