वाल्दोकोची मुले

ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीची हकीकत यावी, वेदीसाठी कोणी किती झीज सोसली ह्याची नोंद व्हावी, हे योग्यच आहे. परंतु देवळाशेजारी जी शाळा उभी असते तिच्याविषयी लिहावयास बसले म्हणजे परीक्षांचे निकाल आणि इमारतीचा खर्च ह्यांपलीकडे लेखणी सहसा जात नाही. त्या शाळेने मुलांच्या अंगावर कोणते काम टाकले व त्यांनी ते कसे पार पाडले, हे कोणी लिहीत नाही. हल्लीच्या मुलांस जबाबदारी ठाऊक नाही, थोडेसे अपयश येताच ती खचून बसतात, अशी तक्रार आमच्यातील वडीलधारी मंडळी वारंवार करितात. ह्या तक्रारीस उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका शाळेचा इतिहासच वाचकांपुढे ठेवावा असे आम्हास वाटले. ती शाळा इटलीतील ट्यूरिन शहराच्या कडेस, वाल्दोको नावाच्या दरिद्री वस्तीत होती, आणि तिचे संस्थापक संत जॉन बॉस्को हे आमच्या घराघरांत डॉन बॉस्को ह्या नावाने परिचित आहेत.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी बेक्की ह्या खेड्यात झाला. वडील निवर्तले तेव्हा ते पुरते दोन वर्षांचेही नव्हते. आई मार्गारिता शेतकरीण. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मिळेल ते काम करून जॉनने शिक्षण घेतले व ५ जून १८४१ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. ट्यूरिन तेव्हा झपाट्याने वाढत होते आणि डोंगरातील खेड्यांतून पोरवयाची मुले गवंड्यांच्या हाताखाली राबावयास शहरात येत होती. त्यांस घर नव्हते, विचारणारे कोणी नव्हते. त्यांपैकी कित्येक तुरुंगात जाऊन पडत. तुरुंगातील ती कोवळी तोंडे पाहूनच डॉन बॉस्को ह्यांनी आपले आयुष्य कोठे घालावयाचे ते ठरविले. रविवारी मुलांस जमवावे, धर्म शिकवावा, अक्षरओळख करून द्यावी, खेळू द्यावे, असा त्यांचा क्रम असे. ह्या गलबल्यामुळे त्यांस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हुसकून लावण्यात आले. अखेरीस १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोकोत पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या ठेंगण्या पडवीत त्यांचे बिऱ्हाड स्थिरावले.

त्याच वर्षीच्या जुलैत अतिश्रमाने फुफ्फुसाचा विकार होऊन ते मरणाच्या दारी पोहोचले. तेव्हा मुलांनी जे केले त्याची हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. दिवसभर उन्हात विटा व चुना वाहणारी ती पोरे उपास धरून कामावर जात आणि आळीपाळीने देवळात जाऊन मरियामातेपुढे गुडघे टेकीत. कोणी महिनोन् महिने नुसत्या भाकरीपाण्यावर राहण्याचा नवस केला. डॉन बॉस्को बरे होऊन उठले तेव्हा त्यांनी मुलांचे नवस ऐकून घेतले आणि जे आततायीपणाचे होते ते बदलून झेपतील असे करून दिले. आमच्या मते ह्या शाळेचा सगळा इतिहास ह्या एका गोष्टीत बीजरूपाने आहे. मुलांनी ओझे आपण होऊन उचलले. गुरूने ते त्यांच्या डोक्यावरून काढून घेतले नाही, मात्र खांदा मोडेल इतके ते राहू दिले नाही.

३ नोव्हेंबर १८४६ रोजी वृद्ध मार्गारिताबाई आपले घर सोडून मुलासोबत पायी वाल्दोकोस आल्या. पुढच्या वर्षी काही बेघर पोरांस गवताच्या माळ्यावर निजावयास जागा दिली, तर सकाळी पोरेही नाहीत आणि पांघरुणेही नाहीत! एखाद्याने ह्या अनुभवानंतर दार लावून घेतले असते. परंतु मे महिन्यात पावसाने चिंब भिजलेला एक पोरका मुलगा दारी आला, तेव्हा त्यासही आत घेतले. मार्गारिताबाईंनी विटा व फळ्या मांडून त्याचे अंथरूण स्वयंपाकघरात घातले, निजण्यापूर्वी चार प्रेमाचे शब्द सांगितले, आणि भांडी जाऊ नयेत म्हणून दारास कुलूपही लाविले. ही कुलुपाची गोष्ट कित्येक चरित्रकार हसून सांगतात. आम्हास त्यात संसार चालविणाऱ्या बाईचे शहाणपण दिसते. विश्वास टाकावयाचा, पण आंधळेपणाने नव्हे. त्या रात्रीच्या चार शब्दांतूनच सॅलेशियन शाळांतील 'शुभरात्री'च्या छोट्या भाषणाची चाल पडली, असे डॉन बॉस्को सांगत.

१ जुलै १८५० पासून ह्या कामकरी मुलांचे एक परस्पर साहाय्यक मंडळ सुरू झाले. सभासदाने दर रविवारी एक सोल्दो द्यावा. तो आजारी पडला म्हणजे त्यास रोज ५० सेंतेसिमी मिळावे. रक्कम क्षुल्लक खरी, परंतु ती मुलांनी स्वतःच्या मजुरीतून शेजाऱ्याच्या आजारपणासाठी बाजूस काढलेली होती, आणि तिचा जमाखर्चही त्यांनाच सांभाळावयाचा होता. उमेदवार मुलांस कारागिरांकडे ठेविताना डॉन बॉस्को लेखी करार करवून घेत. धन्याने मुलास शब्दांनीच सुधारावे, मारू नये. रविवार मोकळा द्यावा. वर्षाकाठी १५ दिवसांची रजा द्यावी. आणि मुलानेही वेळेवर यावे, आज्ञेत राहावे, मन लावून काम करावे. कराराखाली मुलाचीही सही असे. आपल्या शब्दास कायद्याच्या कागदावर किंमत आहे, हे त्या पोरांस बहुधा तेव्हाच प्रथम कळले असावे.

१८५२ साल संकटांचे गेले. २६ एप्रिल रोजी जवळच्या दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन सारी वस्ती हादरली. डिसेंबरच्या पहिल्या रात्री, छपराचे काम संपत आले असताना, नव्या वसतिगृहाची इमारत कोसळली. जीवितहानी झाली नाही, परंतु पैसा मातीत गेला. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभारली.

आता ज्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली ती गोष्ट सांगतो. १८५४ च्या उन्हाळ्यात ट्यूरिनमध्ये पटकीची साथ आली. ज्यांस शक्य होते ते शहर सोडून गेले. वाल्दोकोच्या आसपासच्या बोर्गो दोरा भागात घरे ओली व दाट, पाणी घाणेरडे; तेथे माणसे पटापट पडू लागली. लोकांच्या मनात रोगापेक्षाही दवाखान्याचे भय मोठे होते. डॉक्टर रोग्यास विषाचे पाणी पाजून त्याचा शेवट लवकर करितात, अशी वदंता पसरली होती. त्यामुळे रोगी लपविले जात, आणि आप्तेष्टही भयाने त्यांस टाकून पळत. नगरपालिकेने तात्पुरती रुग्णालये उघडली, पण शुश्रूषेस माणसे मिळेनात.

५ ऑगस्ट रोजी डॉन बॉस्को ह्यांनी आपल्या मोठ्या मुलांस एकत्र बोलाविले व परिस्थिती उघडपणे सांगितली. ते स्वतः ह्याआधीच रोग्यांकडे जाऊ लागले होते. त्यांनी कोणास आज्ञा केली नाही. कोणी सोबत येईल काय, एवढेच विचारले. प्रथम १४ मुले पुढे आली व काही दिवसांतच आणखी ३० जणांनी नावे दिली. मग त्यांच्या तुकड्या केल्या. एक तुकडी रुग्णालयांत व घरोघरी सतत शुश्रूषेस राहावयाची. दुसरीने गल्लीगल्लीत फिरून टाकलेले व लपविलेले रोगी शोधावयाचे. तिसरीने घरी सज्ज राहून बोलावणे येताच धावावयाचे. प्रत्येकाजवळ सिरक्याची बाटली असे व रोग्यास हात लावल्यावर त्या सिरक्याने हात धुण्याचा नियम होता. पटकीचे कारण तेव्हा वैद्यांसही ठाऊक नव्हते. त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या पाचिनी ह्यांनी त्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले, परंतु तिकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख ह्यांनी आपल्या कलकत्त्यात तो जंतू वेगळा करून दाखविला, तेव्हा जगाची खात्री पटली. दुर्गंधीवर उपाय समजून पाळलेला हात धुण्याचा तो नियम मुलांचे खरोखरीच रक्षण करणारा होता, हे आज आपणास कळते.

गादी नाही, चादर नाही, अशा घरांतून मुले धावत येऊन मार्गारिताबाईंपाशी कपडा मागत. घरातील चादरी संपल्या, टेबलावरील कापड गेले. शेवटी त्यांनी मुलाच्या अनुमतीने वेदीवरील वस्त्रेही रोग्यांसाठी दिली, असे जुन्या चरित्रांत नमूद आहे. त्याच चरित्रांत दिलेल्या आकड्यांप्रमाणे नोव्हेंबरपर्यंत शहरात सुमारे २,५०० माणसांस पटकी लागली व त्यांपैकी सुमारे १,४०० मेली. वाल्दोकोच्या स्वयंसेवक मुलांपैकी एकासही ती लागली नाही.

येथे थांबून एक प्रश्न विचारणे आम्हास भाग आहे. दुसऱ्यांच्या लेकरांस असल्या आगीत नेण्याचा अधिकार गुरूस असतो काय? पापापासून दूर राहाल तर तुमच्यापैकी कोणासही हा रोग स्पर्श करणार नाही, असे डॉन बॉस्को ह्यांनी मुलांस सांगितले होते. ते संताचे वचन होते. ते पाहून दुसऱ्या शिक्षकाने तसेच वचन देणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होईल, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. कोणत्याही शाळेने आज मुलांस साथीच्या रोग्यांत पाठवू नये. पण ह्या गोष्टीचा चमत्काराइतकाच विचार करण्याजोगा दुसराही भाग आहे. लहानांस बाजूस ठेवून मोठ्यांसच घेतले होते, सक्ती नव्हती, काम वाटून दिलेले होते, खबरदारीचे नियम होते, आणि बोलाविणारा स्वतः सर्वांच्या पुढे होता. मुलांस शूर करण्यासाठी साथ कोणी मागविली नव्हती. ती दारी आली, आणि मुले तयार आढळली, कारण मागली काही वर्षे एक सोल्दो बाजूस काढण्यापासून ती तयार होत आली होती.

त्या मुलांपैकी जोव्हान्नी काल्येरो हा १६ वर्षांचा होता. साथीच्या दिवसांतच तो विषमज्वराने अंथरुणास खिळला व वाचेल असे कोणास वाटेना. तो वाचला, १८७५ साली सॅलेशियनांची पहिली मिशनरी तुकडी घेऊन अर्जेंटिनास गेला, पुढे बिशप झाला आणि १९१५ साली कार्डिनल.

साथ ओसरत होती तेव्हाच, ऑक्टोबरच्या अखेरीस, डोमिनिक साव्हियो नावाचा १२ वर्षांचा मुलगा शाळेत दाखल झाला. ह्याच मुलास १९५४ साली संतपद मिळाले. दोन विद्यार्थी दगडांनी एकमेकांची डोकी फोडावयास निघाले असता तो त्यांच्यामध्ये क्रूस घेऊन उभा राहिला व पहिला दगड मला मारा म्हणाला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तितकी प्रसिद्ध नसलेली गोष्ट अशी की, त्याने अंगास क्लेश देणारी प्रायश्चित्ते आरंभिली तेव्हा डॉन बॉस्को ह्यांनी ती बंद करविली, आणि थंडी, ऊन, आजार, सोबत्यांचा त्रास निमूटपणे सोसणे हेच तुझे प्रायश्चित्त, असे सांगितले. जुन्या नवसांचाच हा न्याय. ८ जून १८५६ रोजी डोमिनिक व त्याचे सोबती ह्यांनी निष्कलंक मातेचा संघ स्थापिला. त्याचे २१ नियम मुलांनीच लिहिले होते; डॉन बॉस्को ह्यांनी शेवटी थोडी पुस्ती जोडली. नवा आलेला रडवा मुलगा, किंवा सर्वांनी टाकलेला दांडगा मुलगा, एकेका सभासदाने आपल्याकडे घ्यावयाचा, त्याच्याशी खेळावयाचे, त्यास अभ्यासात हात द्यावयाचा, असे त्या संघाचे काम असे, आणि तेही गाजावाजा न करिता. डोमिनिक ९ मार्च १८५७ रोजी वारला. संघ मात्र चालू राहिला. १८ डिसेंबर १८५९ रोजी सॅलेशियन संस्था स्थापन झाली तेव्हा डॉन बॉस्को धरून १८ जण जमले होते, आणि त्यांतील बहुतेक ह्याच शाळेत वाढलेले तरुण होते. त्यांतील मिकेले रुआ २२ वर्षांचे. पुढे डॉन बॉस्को ह्यांची गादी त्यांनीच चालविली. ह्याच संस्थेचे लोक १९०६ साली मराठ्यांच्या जुन्या तंजावरास व १९२८ साली मुंबईस आले.

सर्व काही उत्तरोत्तर चांगलेच होत गेले, असे मात्र कोणी समजू नये. १० मे १८८४ रोजी डॉन बॉस्को ह्यांनी रोमहून वाल्दोकोस एक पत्र पाठविले. ते वाचून आजही शिक्षकाचे मन चरकते. शाळा मोठी झाली होती, शिस्त होती, पण खेळाच्या मैदानावर पूर्वीचा आनंद नव्हता. मुले खांबांआड कुजबुजत उभी, शिक्षक आपापसांत बोलत दूर फिरत, असे चित्र त्यांनी स्वप्नात पाहिले म्हणून लिहिले आहे. शिक्षकांनी मुलांत मिसळणे सोडले, त्यामुळे मुलांनी विश्वास टाकणे सोडले, हे त्यांचे निदान. आपल्याच हयातीत आपल्याच घराविषयी असे लिहिणारे संस्थापक थोडे.

१८५४ च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांपैकी सुमारे २० जणांस वाल्दोकोने आपल्या घरात घेतले होते. त्यांत पिएत्रो एन्रिया नावाचा १३ वर्षांचा मुलगा होता. तो तेथेच वाढला, तेथेच राहिला आणि सॅलेशियन बंधू झाला. १८८८ च्या जानेवारीत डॉन बॉस्को अंथरुणावरून उठू शकत नव्हते. त्या महिन्याच्या ३१ तारखेस पहाटे त्यांनी प्राण सोडला, तोपर्यंत रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा करीत उशाशी बसलेला माणूस तो हाच एन्रिया.