कल्पनेतले गाव आणि इनामगावचे जव

तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनी गावाची कथा रचताना लेखणी सहजच बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीकडे वळते. मिरची आणि भुईमूग तर मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीज या किनाऱ्याला लागण्यापूर्वी ते येथे नव्हतेच. मग अशा गावाच्या शेतात पेरायचे तरी काय? 🧵

उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तेथे उलगडली.

मातीत सापडलेले दाणे जळके होते. धान्य कुजते, पण कोळसा झालेला दाणा टिकतो. चुलीत सांडलेले, आगीत सापडलेले तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचले.

या दाण्यांत प्रमुख होते जव. गहू त्या मानाने थोडा. जोडीला मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख अशी कडधान्ये, रानातली बोरेही. आजच्या मराठी ताटात जवाला जवळजवळ स्थान नाही, म्हणून ही गोष्ट प्रथम अविश्वसनीय वाटते. पण हा पर्जन्यछायेचा प्रदेश. जव हे रब्बीचे पीक, गव्हापेक्षा कमी पाण्यावर येणारे, आणि काळी जमीन पावसाची ओल हिवाळ्यापर्यंत धरून ठेवते. निवड अगदी हिशेबी होती.

तरीही ओलीवर सारे सोडलेले नव्हते. आद्य जोर्वे काळात (इ. स. पू. सुमारे १४००–१०००) गावकऱ्यांनी बांध घालून पाण्याचा पाट काढला. याच काळातील पाच खोल्यांचे एक घर सापडले असून त्याला लागूनच धान्याचे कोठार आहे. हे घर गावप्रमुखाचे असावे आणि कोठारात सर्वांकडून धान्य जमा होत असावे, असा उत्खननकर्त्यांचा तर्क. काल्पनिक गावात नाट्य शोधणाऱ्याने लढाईआधी या कोठाराकडे पाहावे. पाटाचे पाणी आधी कोणाला, कोठाराचे दार कोण उघडणार, हे प्रश्न तेथे दरवर्षी उभे राहत असणार.

इ. स. पू. १००० नंतर चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेतीचा जोर ओसरतो, शिकारीवरची भिस्त वाढते. ढवळीकरांनी याचे कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. पुढे तेथील सांगाड्यांच्या अभ्यासातून या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले, आणि तो वाद मिटलेला नाही. इ. स. पू. ७०० च्या सुमारास मात्र इनामगावच्या चुली विझल्या.