कपाटाचे कुलूप आणि आमची मुले

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथालय असते का? कागदावर असते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्र, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके मिळतील. प्रत्यक्षात अनेक शाळांत हे ग्रंथालय म्हणजे ऑफिसातले एक कुलूपबंद कपाट! "निधी नाही, माणूस नाही" असे सांगून लोक हा विषय संपवतात. आम्हाला तो इथे संपवता येत नाही, कारण या कुलपाला इतिहास आहे.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ताबाई साळवे यांचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजाची मुलगी. वेद ही आमचीच मालमत्ता, असे ब्राह्मण म्हणत असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. म्हणजे शाळेची पायरी चढताच आमच्या लेकीने पहिला प्रश्न विचारला तो पुस्तक कोणाच्या मालकीचे, हाच. तिने बक्षिसाचा खाऊ नाकारून ग्रंथालय मागितले, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर दिले की एका मुलाला घेतले तर बाकीच्यांसाठी शाळा निरुपयोगी होईल. पुढे दार उघडले, पण पूर्ण नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. त्या मुलाला पुस्तके पुरवली ती शाळेने नव्हे, तर बापाने. रामजीबाबांनी लेकींचे दागिने गहाण टाकायला मागून पुस्तके आणली. ज्या घरात असा बाप नव्हता, तिथल्या मुलाचे काय झाले असेल?

हा प्रश्न बाबासाहेब विसरले नाहीत. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, तशीच वाचनालये आणि अभ्यासवर्गही होते. राहायला जागा आणि वाचायला पुस्तक, या दोन्ही गोष्टी शिक्षणाचाच भाग आहेत, ही त्यामागची दृष्टी.

ज्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तिथे हे राज्यकारभारातही उतरले होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. नंतर १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. कारण साधे होते. शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकाविना विसरली जातात. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला जे कळले, ते आजच्या लोकशाही सरकारला कळू नये?

आज शाळेच्या ग्रंथालयाला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नाही. पुस्तकांची जबाबदारी शिक्षकावर. पुस्तक हरवले तर साठा रजिस्टरमध्ये तूट दिसते आणि जाब त्यालाच विचारला जातो. पुस्तक कोणीच वाचले नाही तर मात्र कोणी जाब विचारत नाही! मग तो कुलूप लावणारच. दोष एकट्या शिक्षकाचा नाही, पुस्तकाला माल समजणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आणि याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरात दोन पिढ्यांची पुस्तके आहेत, त्याचे शाळेच्या कपाटावाचून अडत नाही. ऊसतोड कामगाराच्या, वीटभट्टीवरच्या, शेतमजुराच्या मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडचे पुस्तक भेटण्याची जागा एकच, त्याची शाळा. तिथेही कुलूप असेल, तर गोणपाट गेले पण अंतर उरले, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक मुलाला दर आठवड्याला एक पुस्तक घरी न्यायला मिळाले पाहिजे. वापरून फाटलेले पुस्तक शिक्षकाच्या माथी मारू नये. केंद्रातल्या शाळांना मिळून तरी एक ग्रंथपाल नेमावा. आणि कपाटात मुक्ताबाई, सावित्रीमाई, जोतीराव, शाहू महाराज, अण्णा भाऊ, बाबासाहेब असावेत, मुलांना कळेल अशा भाषेत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बांधवांनो, पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशाबरोबर एवढे विचारा: कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, आणि माझ्या लेकराने शेवटचे पुस्तक घरी कधी आणले?

जय भीम!