ढगांआडची उंची

चीनच्या आन्ह्वेइ प्रांतातल्या हुआंगशानचे फोटो बघितले की वाटतं, ग्रॅनाइटचे सुळके, कड्यांना चिकटलेले वेडेवाकडे पाइन आणि खाली ढगांचा समुद्र, हे सगळं तिथे कायमचं मांडून ठेवलंय. प्रत्यक्षात वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तिथे धुकं असतं. या ढगांवरूनच डोंगरातल्या भागांना 'उत्तर समुद्र', 'पश्चिम समुद्र' अशी नावं पडली. खरा समुद्र आसपास कुठेच नाही. 'हुआंग' म्हणजे पिवळा, पण तो रंग खडकाचा नव्हे. दंतकथेतल्या पीत सम्राटावरून थांग दरबाराने ७४७ मध्ये हे नाव दिलं.

सरकारी नोकरीचा नाद सोडून आयुष्यभर भटकलेला श्वू श्याख १६१६ मध्ये इथे आला, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. वसंत लागत होता, पण डोंगराला त्याचा पत्ता नव्हता. पायथ्याच्या देवळात कळलं, की वरच्या मठांच्या वाटा दोन महिने बर्फाने बंद आहेत. धान्य घेऊन गेलेला माणूस कमरेएवढ्या बर्फातून परत फिरला होता. एक अख्खा दिवस श्वू नुसता बसून बर्फ घसरल्याचे आवाज ऐकत राहिला. पुढे चढताना काठीने बर्फात एक खाच पाडायची, पाऊल ठेवायचं, मग दुसरी पाडायची. तरीही दोन्ही मोठी शिखरं राहूनच गेली.

म्हणून १६१८ च्या शरदात तो परत आला. थिएनदूवर, म्हणजे 'स्वर्गाच्या राजधानी'वर, धड वाट नव्हती. जिथे हातपाय टेकायला जागा नसे, तिथे सोबतचा भिक्षू आधी वर चढून हात देई. चढणंच असं, तर उतरायचं कसं, हा विचार श्वूने डायरीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलाय. (ट्रेकला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) धुकं तर लपंडाव खेळत होतं: हा पुढे गेला की ते मागे, हा उजवीकडे वळला की ते डावीकडे.

नावाचा मान थिएनदूचा, पण दुसऱ्या दिवशी तो लिएनह्वा, म्हणजे 'कमळ' शिखरावर पोचला आणि तिथून त्याला थिएनदूच खाली वाकलेलं दिसलं. हातात मोजायचं कुठलंही साधन नव्हतं. आजच्या मोजणीत लिएनह्वा १८६४ मीटर भरतं, थिएनदू साधारण १८१०.