‘ऑफिशियल’ हे विशेषण कोणाचे?

कोरगाव ज्या पेडणे महालात आहे, तो १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. पेडणे, डिचोली, सत्तरी आदी मुलखास पोर्तुगीज ‘नोव्हास कॉन्किस्तास’ म्हणत. आपण ‘नव्या काबिजादी’ म्हणत आलो. दोन्ही नावांत विशेषण नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलले आहे. त्यामुळे ते कोणत्या नामाचे, याविषयी संशय उरत नाही.

१९६१ नंतर कारभारात इंग्रजी आली. इंग्रजी विशेषणास लिंग नाही, वचन नाही. ते कोणाचे, हे केवळ त्याची जागा सांगते. ही साधी व्याकरणवार्ता गोमंतकीय मराठीच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

‘ऑफिशियल’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ऑफिसियुम’, म्हणजे कर्तव्य. त्यात ‘ओपुस’ (काम) आणि ‘फाकेरे’ (करणे) हे दोन घटक मानले जातात. ‘ओपुस’चा सगोत्र शब्द संस्कृतातील ‘अपस्’ होय. शेवटचा ‘अल्’ हा ‘त्यासंबंधीचे’ असा अर्थ देणारा प्रत्यय. आपल्या ‘अधिकृत’ शब्दात ‘अधि’ उपसर्ग, ‘कृ’ धातू आणि ‘त’ प्रत्यय आहे. येथेही मुळाशी करणेच आहे.

आता ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने संमत केलेला राजभाषा कायदा पाहावा. त्याच्या तिसऱ्या कलमात ‘ऑफिशियल’ हे विशेषण कोकणीच्या बाबतीत ‘लँग्वेज’च्या आधी आले आहे, म्हणून देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा. मराठीचा वापर मात्र ‘ऑफिशियल पर्पजेस’साठी, म्हणजे शासकीय कामांसाठी, सांगितला आहे. येथे विशेषण कामास लागले, भाषेस नव्हे. शब्द तोच, प्रत्यय तोच. नाम बदलले आणि दर्जा बदलला.

म्हणूनच ‘कायद्यात मराठी आहेच’ आणि ‘मराठी राजभाषा नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात. आपले कार्यकर्ते यांपैकी एकच विधान पुढे करतात आणि प्रतिपक्ष दुसरे दाखवून त्यांना निरुत्तर करतो.

यातून दोन वेगळ्या मागण्या निघतात. कार्यालयांतील मराठीच्या वापरासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. तेथे आहे त्या तरतुदीवर बोट ठेवावे. राजभाषेच्या दर्जासाठी मात्र कायद्यात दुरुस्ती हवी. कोरगावच्या मराठी माणसाने निवेदन लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या नामासाठी विशेषण मागत आहोत, हे आधी ठरवावे.