बार होईपर्यंत नेम

रायफल शिकवणारा कुठल्याही देशातला असो, नवशिक्याकडून तो दोन गोष्टी घोकून घेतो. चाप हिसडायचा नाही, दाबत न्यायचा. आणि गोळी सुटली तरी नेम मोडायचा नाही, क्षणभर डोळा माशीवर आणि गाल दस्त्यावर तसाच ठेवायचा. पहिली गोष्ट कुणालाही पटते. दुसरी मात्र चमत्कारिक आहे. आजच्या रायफलीत चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही हजारांश भागच जातात, आणि एकदा ती बाहेर पडली की नेमबाजाने डोके वर केले काय किंवा तिथेच बसकण मारली काय, तिचा मार्ग बदलत नाही. मग हा नियम आला कुठून? शिकवणारे शिस्तीकडे बोट दाखवतात आणि शिस्त म्हटली की श्रेय आपोआप लष्कराच्या पदरात पडते. माझ्या मते ते तिथे पडायला नको. हा नियम काळ्या दारूच्या रेंगाळत पेटण्यातून जन्मला, शिकाऱ्यांनी आणि बक्षिसासाठी नेम मारणाऱ्यांनी तो वाढवला, आणि लष्कराने त्याला दत्तक घेतले तेव्हा तो चांगला वयात आलेला होता.

चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढल्यावर काय घडते ते क्रमाने पाहावे. घोडा सुटतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, पट्टी उलटून प्याला उघडा पडतो, ठिणग्या रंजकावर पडतात, रंजक भडकते, त्याची आग नळीच्या कानातून आत शिरते आणि तेव्हा कुठे आतली दारू पेटते. चांगल्या बनावटीच्या बंदुकीतही या साऱ्याला सेकंदाचा विसावा ते दहावा भाग लागतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण हिशेब करून पाहू. उभ्याने नेम धरलेल्या माणसाच्या हातात नळी कधीच निश्चल नसते. समजा तिचे तोंड सेकंदाला एक अंश या गतीने सरकते आहे. सेकंदाच्या बाराव्या भागात ते जेवढे सरकेल, त्याने १०० मीटरवरची गोळी सुमारे १५ सेंटिमीटर बाजूला जाईल. हरणाच्या काळजावर धरलेला नेम पोटात बसायला तेवढे पुरते. तीच गती आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग घेतला, तर फरक सेंटिमीटरभरही पडत नाही. त्यात प्याला भडकतो तो डोळ्यापासून वीतभर अंतरावर. पापणी मिटते, मान फिरते, खांदा आक्रसतो, आणि हे सगळे होताना गोळी अजून नळीतच असते. कधी रंजक पेटते पण दारू दमट असल्याने बार उशिरा होतो. अशा वेळी बंदूक खाली घेणारा स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या पायाला मुकतो. नेम मोडावासा वाटणे आणि तो मोडणे सर्वांत महागात पडणे, या दोन्ही गोष्टी इथे एकाच क्षणी येतात. बार झाल्यावरही नेम धरून ठेवा हे सांगण्याची खरी निकड या बंदुकीने निर्माण केली.

यावर सरळ आक्षेप असा येतो की चकमकीच्या बंदुका युरोपच्या सैन्यांत सव्वाशे-दीडशे वर्षे होत्या. उशीरच या नियमाचा बाप असेल, तर तो लाखो शिपायांना का सुचला नाही? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर शिपायाच्या डोक्यात नाही, त्याच्या बंदुकीच्या नळीत आहे. ती आतून गुळगुळीत होती. दारूच्या काजळीने नळी लवकर भरते, म्हणून लढाईत झटपट ठासता यावी यासाठी गोळी मुद्दाम नळीपेक्षा लहान घडवलेली असे. ती आत आपटत बाहेर पडे आणि शेवटची ठोकर जिकडे बसेल तिकडे जाई. ब्रिटिशांच्या 'ब्राउन बेस'ला मागची खाचच नव्हती, संगीन अडकवायचा खुंट माशीचे काम करी. कर्नल जॉर्ज हँगर यांनी १८१४ मध्ये लिहून ठेवले की २०० यार्डांवरच्या माणसावर ही बंदूक झाडणे म्हणजे चंद्रावर झाडण्यासारखे आहे. जिथे चांगला नेम आणि वाईट नेम यांचे फळ सारखेच, तिथे चाप कसा दाबावा हे कोण शिकवील? कवायत होती ती ठासण्याची. याकोब द घेन यांचे १६०७ मधले चित्रमय कवायतपुस्तक तोड्याच्या मस्केटसाठी ४३ पवित्रे देते. त्यांतले बहुतेक दारू, गोळी, गज आणि जळती जामगी सांभाळण्याचे आहेत. पानिपतावर लढलेल्या इब्राहिमखानाच्या गारद्यांची फ्रेंच धर्तीची तालीमही याच घराण्यातली: एका हुकुमाने सगळ्यांचा बार. तेव्हा उशीर पुरेसा नव्हता. नळी त्या कष्टांना लायक हवी आणि चुकलेल्या गोळीचा जाब एकट्या माणसाला द्यावा लागायला हवा.

या दोन्ही अटी जर्मन भाषक मुलुखात आणि आल्प्सच्या आसपास पुऱ्या झाल्या. तिथल्या गावोगावच्या नेमबाजांच्या मंडळ्या बंदुकीहूनही जुन्या; त्या आधी आडव्या धनुष्याने, म्हणजे क्रॉसबोने, पैजा लावत. नळीत पिळाच्या खाचा पाडलेली बंदूक सोळाव्या शतकात त्यांच्या हाती आली आणि तिच्याबरोबर धनुष्यासाठी योजलेली एक करामतही आली: दुहेरी चाप. मागचा चाप ओढून आतली कमान ताणून ठेवायची. मग पुढच्या चापाला बोटाचा नुसता स्पर्श झाला की ती कमान खटका उडवते आणि घोडा सुटतो. कुणी म्हणेल, मग प्रश्न कारागिरानेच सोडवला, तंत्र हवे कशाला? अर्धा प्रश्न सोडवला, हे खरे. बोटाच्या जोराने नळी हलायची थांबली. पण रंजकाचा उशीर होता तिथेच राहिला, आणि म्हणून चाप हळू दाबणे व नेम धरून ठेवणे हे आज जोडीने शिकवले जाणारे धडे मुळात वेगळ्या दुखण्यांवरचे उपाय आहेत. उशिरावर पहिला मोठा घाव घातला तो अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने. पाणपक्षी प्याल्यातला भडका पाहून गोळी पोचण्याआधीच बुडी मारत, म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा खटका तयार केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे आलेल्या, आघाताने फुटणाऱ्या टोपीच्या बंदुकीचे मूळ असे एका शिकाऱ्याच्या वैतागात आहे, कुठल्याही सेनापतीच्या मागणीत नाही.

माझ्या म्हणण्याला जपानचा अपवाद आडवा येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १५४३ मध्ये पोर्तुगीज प्रवाशांबरोबर तानेगाशिमा बेटावर पोचलेली तोड्याची बंदूक गुळगुळीत नळीचीच होती. तिचा कमानीचा खटका पोर्तुगीजांच्या आशियातल्या कारखान्यांतून, बहुधा गोव्यातून, आला असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तरीही जपानात नेमबाजीची घराणी उभी राहिली. इनातोमी घराण्याच्या सतराव्या शतकारंभीच्या सचित्र पोथ्यांत नेमबाज जवळजवळ उघडे रेखाटले आहेत. गुडघा कुठे टेकला, कोपर कशावर आले, पाठीचा बाक किती, हे कपड्यांनी झाकले जाऊ नये म्हणून. पिळाच्या खाचांवाचून हे कसे जमले? एक तर या बंदुकीत ठिणगी पाडायचीच नसते, जळता तोडा थेट रंजकावर आपटतो, त्यामुळे उशीर कमी आणि चापही हलका. आणि ज्याला पोथी, गुरू आणि घराण्याचे नाव असते, त्याच्या चुकलेल्या गोळीला धनी असतो. माझी दुसरी अट जपानने पाळली. पहिलीत थोडी सूट घेतली, इतकेच.

लष्कर जागे झाले ते १८४९ च्या मिनिए गोळीनंतर. ही गोळी नळीत सैल उतरे आणि बार होताना तळाशी फुगून खाचांत घट्ट बसे, त्यामुळे रायफल साध्या शिपायालाही भराभर ठासता येऊ लागली. ब्रिटनने १८५३ मध्ये एन्फिल्ड रायफल पत्करली आणि त्याच वर्षी केंट परगण्यातल्या हाइथ इथे नेमबाजीची शाळा काढली. तिथे शिपाई गोळी हातात घेण्यापूर्वी नुसत्या टोप्या उडवी. श्वास आवरायचा, हात, डोळा, बाहू यांना जराही धक्का न देता चाप दाबायचा आणि घोडा पडला तरी नजर निशाणावरच ठेवायची, असा तिथला पाठ होता. अमेरिकी सैन्यात पेटती मेणबत्ती नळीसमोर ठेवून हाच सराव चाले: टोपीच्या फुंकरीने ज्योत विझली तर नेम शाबूत. आपल्याकडे या शिक्षणाची केंद्रे दमदम, अंबाला आणि सियालकोट इथे उघडली. काडतुसांच्या चरबीची कुजबुज १८५७ च्या जानेवारीत दमदमलाच सुरू झाली, त्यामुळे तिथे नेमके काय शिकवायचे घाटत होते ते इतिहासात झाकले गेले.

माणूसच आता कच्चा दुवा उरला आहे हे त्या पिढीला पुरते कळले होते. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने नेमबाजीच्या स्पर्धेची पहिली गोळी झाडली. व्हिटवर्थ रायफल लोखंडी बैठकीत आवळलेली होती आणि राणीने फक्त रेशमी दोरी ओढली; ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत बसली. खांदा, श्वास आणि बोट वगळले की बंदूक काय करते याचा हा जाहीर दाखलाच होता. अमेरिकेतल्या क्रीडमूरच्या १८७४ च्या सामन्याच्या काळात तर चाप किमान तीन पौंडांच्या ताणाचा असावा अशी अट असे, म्हणजे दुहेरी चापाची हलकी पळवाट बंद.

शेवटचा आक्षेप उपयुक्ततेचा: उशीर संपला, तर नियमही संपावा. तो पुरता संपलेला नाही. काळ्या दारूची गोळी मीटरभर लांबीच्या नळीतून सावकाश जाते, सेकंदाचा दोनशेवा भाग तरी घेते, आणि तेवढ्यात बंदूक मागे सरकू लागलेली असते. आधुनिक रायफलीत हा काळ आणखी घटतो. तिथे नेम धरून ठेवण्याचा फायदा गोळीला होण्याऐवजी नेमबाजाला होतो, बार झाला तेव्हा माशी कुठे होती हे त्याला दिसते. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धांत आजही तोड्याच्या बंदुकीचा प्रकार तानेगाशिमाच्या नावाने आणि रायफल-मस्केटचा मिनिएच्या नावाने खेळला जातो. चकमकवाले सरावासाठी घोड्याच्या जबड्यात गारगोटीऐवजी लाकडाचा तुकडा बसवतात आणि रिकाम्या बंदुकीचा चाप दाबून माशी हलते का ते पाहत राहतात.