समुद्रगमन, सोबतचे पाणी आणि नाशिकचे शुद्धिस्नान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आजच्या पर्यटन-जहाजांवर प्रवाशाने स्वतःचे पेय आणू नये, असा दंडक साधारणपणे आढळतो. त्यामागे जहाजावरील मद्यविक्रीचे हित असते, हे उघड आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदू प्रवाशापुढचा प्रश्न नेमका उलट होता. जहाजावर मिळणारे पाणी पिणे हेच त्याच्या दृष्टीने पातकाचे कारण ठरत असे, आणि स्वतःचे पाणी बरोबर नेणे हा त्यावरचा उपाय. या उपायाचे एक टोक बंदरावर होते, तर दुसरे बऱ्याचदा तीर्थक्षेत्री. या दुसऱ्या टोकाशी नाशिकचा संबंध कसा येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निषेध समुद्राचा की पाण्याचा?

बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडील वादग्रस्त आचारांची एक यादी येते. लोकरीचा विक्रय, मद्यपान, शस्त्रांचा व्यवसाय आणि समुद्रगमन हे आचार तीत एकत्र आढळतात. त्याच ग्रंथात पुढे समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांमध्ये केली आहे. कलिवर्ज्य प्रकरणातील वचने याहून कठोर आहेत. समुद्रपार गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असा त्यांचा आशय आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे. प्रायश्चित्तानेही दोष जात नसेल, तर परत आलेल्या माणसाला जातीत घेण्याची वाट शास्त्राने बंद केली होती, असे म्हणावे लागेल. व्यवहाराने मात्र ती उघडी ठेवली.

ती उघडी ठेवता आली, कारण प्रत्यक्ष आचारात आक्षेपाचा रोख समुद्रापेक्षा अन्नपाण्याकडे अधिक होता. महाराष्ट्रातील सोवळ्याओवळ्याचे नियम पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. प्रवासाच्या शिदोरीत दशमीला स्थान मिळाले ते ती पाण्याऐवजी दुधात भिजवली जाई म्हणून. कोरडा शिधा, फळे, तळलेले पदार्थ यांना स्पर्शदोष कमी मानला जाई. दोष पसरतो तो मुख्यतः पाण्यातून आणि पाणी भरणाऱ्याच्या हातातून, ही त्यामागची धारणा होती. पितळेचा, आटे असलेल्या झाकणाचा फिरकीचा तांब्या हे मराठी प्रवाशाचे अगदी ओळखीचे साधन. पाणी सांडू नये ही त्याची सोय झाली. दुसऱ्याच्या घड्यातले पाणी घ्यावे लागू नये ही त्याहून मोठी सोय. आगगाडीच्या प्रवासात हा तांब्या दोन दिवस पुरे. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या सागरी प्रवासात तो पुरणे शक्यच नव्हते, आणि येथेच खरी अडचण सुरू होत असे.

आनंदवल्लीच्या राघोबादादांचे वकील

या अडचणीचे एक जुने मराठी उदाहरण नाशिकशी जोडलेले आहे. नाशिकजवळच्या आनंदवल्ली येथे ज्यांचे वास्तव्य होते, त्या रघुनाथराव पेशव्यांनी इंग्रजांची मदत मिळवण्यासाठी हणमंतराव या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला धाडले. त्याच्याबरोबर मणियार रतनजी हा पारशी व त्याचा मुलगा होता. १७८१ मध्ये ही मंडळी इंग्लंडमध्ये होती. लंडनमध्ये त्यांच्या आचाराला योग्य अशी जागा मिळेना, तेव्हा एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि घरालगतचे काचघर स्वयंपाकासाठी स्वतंत्र दिले. इंग्लंडच्या संसदेतील एक अग्रगण्य वक्ता पाहुण्याच्या सोवळ्यासाठी आपले काचघर रिकामे करून देतो, ही घटना त्या काळच्या संबंधांवर बराच प्रकाश टाकते.

परतल्यानंतरचा भाग अधिक बोलका आहे. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात कॅप्टन विल्फर्ड याने रघुनाथरावांनी विलायतेला पाठवलेल्या दोन ब्राह्मणांची हकीकत दिली आहे. तीनुसार परदेशगमनामुळे ते बहिष्कृत ठरले, ब्रह्मवृंदाच्या अनेक बैठका झाल्या, आणि सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर पडून नवा जन्म घेण्याचा विधी त्यांना सांगण्यात आला. त्यांचे चारित्र्य आणि राज्यकार्यासाठी केलेला प्रवास लक्षात घेऊन ही सवलत देण्यात आली, असेही तो सांगतो. कारण राज्याचे असेल तर शास्त्र वाकते, हे यातून दिसते. बरोबरच्या पारशांपुढे असा प्रश्न नव्हता.

चांदीचे गंगाजलकुंभ

स्वतःचे पाणी नेण्याचा सर्वांत भव्य प्रयोग मराठी मुलखाबाहेरचा आहे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह (दुसरे) ‘ऑलिम्पिया’ या जहाजाने इंग्लंडला गेले. त्यांनी गंगाजलाचे चांदीचे तीन प्रचंड कुंभ बरोबर घेतले. प्रत्येकाचे वजन सुमारे ३४५ किलो, उंची सुमारे १६० सेंटिमीटर आणि धारणशक्ती ४,००० लिटरहून अधिक आहे. एका कुंभासाठी सुमारे १४,००० रुपये वितळवले गेले, असे सांगितले जाते. यांपैकी दोन कुंभ जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहावयास मिळतात. गंगाजल शिळे होत नाही, ही श्रद्धा येथे उपयोगी पडली. आठवडेच्या आठवडे साठवलेले दुसरे कोणतेही पाणी आचाराच्या दृष्टीने चालले नसते. पुढे १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी निघालेल्या पंडित मदनमोहन मालवीय यांनीही गंगाजल बरोबर नेल्याचे प्रसिद्ध आहे.

सामान्य प्रवाशाला मात्र जहाज भाड्याने घेणे किंवा चांदी वितळवणे शक्य नव्हते. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांना जहाजावरील सामाईक साठ्यातले, मोजून मिळणारे पाणीच प्यावे लागले. आचार सांभाळण्यासाठी पैसा लागतो, ही गोष्ट या विषयावरील धर्मचर्चेत क्वचितच बोलली गेली.

नाशिकचे स्नान, १८९१

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा त्यांनी आईसमोर घेतली होती. मोढ वाणी जातीच्या मुंबईतील प्रमुखांनी त्यांना बहिष्कृत केले, आणि त्यांना मदत करणाऱ्यास वा बंदरावर निरोप देणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरवला. आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की जहाजावर ते भोजनगृहात गेले नाहीत; घरून आणलेली मिठाई व फळे यांवर त्यांनी मुख्यतः खोलीतच निर्वाह केला. पाण्याच्या बाबतीत त्यांचा आग्रह तेवढा नव्हता; त्यांचे व्रत मद्याचे होते, जातीचे नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे.

जातीने तो फरक मानला नाही. जुलै १८९१ मध्ये ते परतले, तेव्हा जातीत दोन तट होते. अनुकूल तटाचे समाधान व्हावे म्हणून थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला पोहोचल्यावर जातभोजन दिले. १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाल्यापासून मुंबई बंदर व नाशिक हे अंतर एका दिवसात कापता येऊ लागले होते. बंदरावर उतरणाऱ्याला इतके जवळचे आणि इतक्या मान्यतेचे गोदातीर दुसरे नव्हते. नाशिककर गोदेला गंगाच म्हणतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

याच सुमारास पुण्यात चहाच्या पेल्यावरून वादळ उठले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये मिळालेला चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्य झाले. पुढे रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. चहा घेणाऱ्यांची नावे प्रसिद्धीस देणारे गोपाळराव जोशी म्हणजे अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. समुद्र ओलांडलेल्या बाईच्या नवऱ्याने समुद्र न ओलांडलेल्यांना पेल्याभर चहावरून अडचणीत आणावे, यातला उपरोध बहुधा त्यांना स्वतःलाही अभिप्रेत असावा.

गोदातीरावरील दुसरा प्रश्न

समुद्रपार जाऊन आलेल्या माणसाला नाशिकचे एक स्नान पुन्हा आत घेऊ शकत होते. गोदेकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अस्पृश्यांसाठी मात्र असे कोणतेही प्रायश्चित्त नव्हते, कारण त्यांनी केलेला असा कोणताही दोष नव्हता जो धुता येईल. पिण्याच्या पाण्याचा हक्क डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बजावला. २ मार्च १९३० रोजी रामकुंडापासून जवळच असलेल्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्या स्थानिक नेतृत्वाखाली तो काही वर्षे चालला. आंबेडकरांनी १९१३ मध्येच अमेरिकेसाठी समुद्र ओलांडला होता, आणि सत्याग्रह चालू असतानाच ऑक्टोबर १९३० मध्ये ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी पुन्हा जहाजावर चढले. त्यांच्या समुद्रगमनाबद्दल कोणत्याही ब्रह्मवृंदाला बैठक भरवावी लागली नाही. काळारामाचे दरवाजे ते गेले तेव्हा बंद होते, आणि परत आले तेव्हाही.